बिनपोटाचं वाद्य

दस्तगीरचाचांनी गिटार मांडीवर घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि तिच्या पाठीवर दोन बोटांनी टकटक केली. कलिंगड घेताना करतात तशी.

"बाई," ते म्हणाले, "ह्याला पोटच नाही की."

"नसतंच, चाचा. ही बास गिटार आहे. भरीव लाकडाची असते."

"मग हा आवाज ठेवतो कुठं?"

मी त्यांच्या नातीकडे पाहिलं. तरन्नुम दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. गिटार तिने आणली होती, पण बोलायला मला पुढे केलं होतं.

"नाना, आवाज वायरमधून जातो आणि स्पीकरमधून येतो," ती म्हणाली.

"म्हणजे विजेवर?"

"हो."

"विजेवर चालतो तो मिक्सर. वाद्य नव्हे."

त्यांच्या डोक्यावर, आढ्याला, वाळत घातलेले भोपळे लटकत होते. मिरजेच्या त्या गल्लीत घरोघरी तंबोरे आणि सतारी बनतात, आणि दस्तगीरचाचा त्या गल्लीतले सगळ्यांत जुने कारागीर. म्हणजे तसं ते स्वतः सांगत. दुसऱ्या कुणी सांगायची वेळ ते येऊ देत नसत.

तरन्नुम माझी विद्यार्थिनी, नववीतली. मी शाळेत संगीत शिकवत असे. त्या वर्षी सांगलीतला एक ऑर्केस्ट्रा बंद पडला. त्याचा मालक माझा जुना विद्यार्थी, त्याने सगळी वाद्यं शाळेला आणून दिली. ड्रमवर पोरांनी उडी घातली. कीबोर्डसाठी भांडणं झाली. ही चार जाड तारांची गिटार कोपऱ्यात तशीच पडून होती. तरन्नुमने ती उचलली, लाकडाला कान लावला, सगळ्यांत जाड तार छेडली आणि म्हणाली, "बाई, ही माझी."

मला बास गिटारमधलं काही कळत नव्हतं. पण स्वतःला येत नाही ते शिकवायला घेतलं की एक बरं असतं. मुलं नेटाने शिकतात, कारण दोघांपैकी एकाला तरी शिकावंच लागतं. मी चाल हार्मोनियमवर वाजवायची आणि तिने तळाचे स्वर शोधून काढायचे, असं आमचं चाललं होतं. स्नेहसंमेलनाला मुलांचा वाद्यवृंद आणि समूहगीत बसवायचं ठरलं होतं. अडचण एकच होती.

"आमच्या घरातलं पोर जे वाद्य घेऊन लोकांसमोर बसेल," चाचा म्हणाले, "ते आधी माझ्या कानावरून जाईल. मला पटलं तर बसेल."

"ही उभं राहून वाजवतात, नाना."

"उभं राहून? का? बस चुकणार आहे?"

तेवढ्यात मागच्या खोलीतून सादिक आला. सादिक म्हणजे चाचांचा मुलगा, तरन्नुमचा मामा. त्याचेही केस पिकायला लागले होते. हातात नवा तंबोरा होता. त्याने तो चाचांसमोर हळूच उभा धरला आणि चारही तारा छेडल्या.

"अब्बा, हा बघता का?"

चाचांनी डोळे मिटले, ऐकलं आणि डोळे उघडले. "ठेवून जा."

सादिकने तंबोरा भिंतीला टेकवला. तिथे आधीचे तीन तसेच टेकवलेले होते. मग त्याने स्वतःच कापसाच्या दोऱ्याची गुंडी काढली आणि खाली बसला. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात त्या घोडीवर, तारेखाली, बारीक दोरा सारावा लागतो. तो नेमक्या जागी बसला की तार नुसती वाजत नाही, भुंग्यासारखी घुमते. तिलाच जवारी म्हणतात. सादिक खाली मान घालून दोरे सारू लागला. चाचांनी तिकडे पाहिलंही नाही.

त्यांनी गिटारची तार छेडली. सतरंजी झटकल्यासारखा आवाज आला.

"तारा मेल्यात," ते म्हणाले. "ह्या मढ्यावर मी काय निकाल देऊ? जिवंत तार चढवून आणा. मग बघू."

*

माझा भाचा श्रीनिवास पुण्यात कॉलेजच्या बँडमध्ये होता. त्याला फोन केला.

"मावशी, नव्या तारा मिळेपर्यंत जुन्या उकळून बघ," तो म्हणाला.

"काय करून बघू?"

"उकळून. पाण्यात. वेढ्यांत अडकलेला मळ निघतो. थोडे दिवस वाजतात."

मला वाटलं, थट्टा करतोय. तरन्नुमला वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या अम्मीने चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं तर आत चार तारा वेटोळी घालून उकळत होत्या. "शेवया करायच्या तर दूध तरी घालायचं," एवढंच त्या माउली म्हणाल्या. त्यांचं लहानपण चाचांच्याच घरात गेलेलं. पातेल्यात काय सापडेल याचा त्यांना भरवसा नव्हताच.

पण तारा खरोखर जाग्या झाल्या. तालमीत आवाज छातीत जाणवायला लागला. त्याबरोबर आणखी एक आवाज यायला लागला. तरन्नुमचा हात एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर सरकला की बारीक, टोकदार "चीं" व्हायचं.

आमचे मुख्याध्यापक चौगुले सर तालीम बघायला आले. शांतपणे बसले. तिसऱ्या "चीं"ला त्यांनी पाय वर घेतले.

"बाई, व्यासपीठाखाली चिचुंद्री आहे."

"सर, ती गिटारची तार आहे."

"तुम्ही गाण्यात आहात, तुम्हाला नाही कळायचं. चिचुंद्री आहे." आणि त्यांनी शिपायाकडून पिंजरा लावून घेतला. आत भज्याचा तुकडा. तो तुकडा रोज नाहीसा व्हायचा. ड्रम वाजवणारा अमोघ बेडगे तालमीला फारच वेळेवर येऊ लागला होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मी पुन्हा श्रीनिवासला फोन केला. तो म्हणाला, "तारा दोन जातीच्या असतात, मावशी. आतल्या तारेवर बाहेरून बारीक तार गुंडाळलेली असते. ती गोल असली तर वेढे उठून राहतात, बोट सरकलं की चीं होतं. पट्टीसारखी चपटी असली तर तार गुळगुळीत, आवाज होत नाही. दोन्हीची एकेक जुनी जाड तार पाठवतो. लावून बघा. जी पटेल तिचा नवा संच घेऊ."

पाकीट आलं तेव्हा मी दोन्ही तारा तरन्नुमच्या हातात दिल्या. गोल वेढ्यांच्या तारेवरून नख फिरवलं की कंगव्यासारखं कर्र वाजे. चपटी तार मात्र साडी घडी घालताना हात फिरतो तशी सुळकन जायची.

मला चपटी आवडली. चौगुले सरांनी तर पिंजरा उचलायची तयारी दाखवली. अमोघला मात्र पिंजरा हवा होता, त्याच्या भज्यांचा प्रश्न होता.

"मला गोलवाली पाहिजे," तरन्नुम म्हणाली.

"का?"

"चपटी तार म्हणजे जेवण झाल्यावर बोलणारा माणूस, बाई. सगळं बरोबर बोलते, पण झोप येते. गोलवाली..." तिने तार छेडून दाखवली. तिचा स्वर संपत आला तरी त्यातून आणखी बारीक स्वर निघत राहिले.

"आणि ती चीं?"

"बोट उचलून ठेवीन. सरकवणार नाही. जमेल हळूहळू."

"तुझ्या नानांना पटायला पाहिजे."

"नाही पटणार," ती म्हणाली. "नानांना एक वेडावाकडा आवाज चालत नाही. चपटीच म्हणतील. चपटी लावली तर वाजवायला मिळेल, आणि गोलवाली लावली तर घरी बसायला." तिने चपटी तार पाकिटात घातली. "तरी दोन्ही ऐकवू. आपण एकच नेली तर त्यांना कळतंच."

मी तिला काही सुचवलं नाही. मुलं बरोबर दिशेने चाललेली असताना मागून ढकलू नये, पडतात.

*

शाळेचा स्पीकर रिक्षात घालून आम्ही दुकानात गेलो. चाचा भिंतीकडे तोंड करून बसले.

"तार डोळ्यांनी निवडायची नाही," ते भिंतीला म्हणाले. "चढवा. कुठली ते सांगू नका."

सादिकने आधी चपटी तार चढवली. तरन्नुमने वाजवलं. इतकं छान वाजवलं की मला तिचा राग आला. थोडं तरी वाईट वाजवायचं होतंस ना, असं मी मनात म्हणाले, आणि शिक्षिका असून असं म्हणतेय म्हणून स्वतःलाच गप्प केलं.

"शहाणा आवाज आहे," चाचा म्हणाले. "कुणाच्याही घरात द्यावा. दुसरी."

गोल वेढ्यांची तार चढली. पहिला स्वर लागला आणि आढ्याला टांगलेला एक मोठा भोपळा त्याच्याबरोबर गुणगुणायला लागला. चाचांनी मान वर केली. तरन्नुमचा हात वर सरकला.

चीं.

"हे काय?"

"माझं बोट, नाना."

"तुझं बोट का ओरडतंय?"

"तारेला वेढे आहेत. घासलं की ओरडतं. मी उचलायला शिकतेय."

"आणि शिकेपर्यंत लोकांनी काय करायचं?"

"ऐकायचं," तरन्नुम म्हणाली.

सादिकने माझ्याकडे पाहिलं. त्या घरात चाचांना असं उत्तर आलं की पुढचा काही वेळ जो तो आपापल्या कामाला लागत असे. चाचा भिंतीकडे तोंड करूनच बसून राहिले.

"पुन्हा वाजव."

तिने वाजवलं. या वेळी चीं झालं, पण लहान.

"ठेवून जा," चाचा म्हणाले.

बाहेर आल्यावर तरन्नुमचा चेहरा उतरला होता. "म्हणजे नाहीच की, बाई."

"ठेवून जा म्हणजे नाही?"

"मामाचे तंबोरे बघितले नाहीत का तुम्ही? सगळे ठेवून जा. नंतर मामा स्वतःच दोरे घालतो आणि गिऱ्हाइकाला देतो. नानांनी आजवर एकालाही..."

संध्याकाळी सादिक शाळेत आला. "अब्बांनी सांगितलंय, खरखरीतवाल्या तारा मागवा. पण तार आमच्या घरात बाहेरचा माणूस चढवत नाही. संच आला की आमच्याकडे पाठवा."

"म्हणजे त्यांना पटलं?"

"तसं काही म्हणाले नाहीत," सादिक म्हणाला. "आज दुपारी जेवले मात्र कमी. काहीतरी डोक्यात चाललंय."

*

स्नेहसंमेलनाच्या दिवशी आमची पाळी यायच्या जरा आधी चाचा रिक्षातून उतरले. गिटार गोधडीत गुंडाळलेली होती. त्यांनी ती पडद्यामागे आणून तरन्नुमच्या हातात दिली आणि पुढे जाऊन पहिल्या रांगेत, पाहुण्यांसाठी राखलेल्या खुर्चीवर बसले. त्यांना उठवायला कोणी धजलं नाही.

गोधडी उघडली. चार नव्या कोऱ्या तारा, चकचकीत. पण खालच्या टोकाला त्या जिथे टेकतात तिथल्या लोखंडाच्या पट्ट्या गायब होत्या. त्या जागी हाडाची रुंद, पांढरी, सुंदर घासलेली घोडी बसवलेली होती. तंबोऱ्याला असते तशी. आणि प्रत्येक तारेखाली कापसाचा दोरा.

"वाजव," मी म्हणाले.

तरन्नुमने तार छेडली. झ्यंऽऽऽ.

पेटीत कोंडलेल्या भुंग्यांनी ख्याल सुरू करावा तसा आवाज आला. बाहेर स्पीकरवाला धडपडत उठला आणि वायरी हलवू लागला. चौगुले सर पडद्यामागे आले. "बाई, हे काय? आता चिचुंद्री नाही, हे तर... स्पीकर फाटला?"

"सर, तांत्रिक अडचण आहे," मी म्हणाले आणि तरन्नुमकडे वळले. "बाळा, दोरे काढून टाक. घोडी राहू दे, नुसते दोरे काढले तरी निम्मं घुमणं जाईल. कार्यक्रम झाला की परत घालू. नानांना मी समजावीन."

तिने बोट दोऱ्याशी नेलं. चाचांबरोबर आलेला सादिक तिच्या मागे उभा होता. तो त्या दोऱ्यांकडे असा बघत होता, की मला वाटलं याला बरं वाटत नाहीये.

"हे कुणी घातले?" त्याने विचारलं.

"मी नाही," तरन्नुम म्हणाली. "तू घातलेस ना, मामा?"

सादिकने मान हलवली. नाही.

तिने बोट मागे घेतलं. "बाई, हे काढायचे नाहीत."

"अगं, सगळे हसतील."

"हसू देत. अमोघ, ऐक. आज सावकाश वाजवायचं. एकदम सावकाश. माझा आवाज संपल्याशिवाय पुढची थाप मारायची नाही."

"मग गाणं संपणार कधी?" अमोघ म्हणाला.

"चालू झालं की बघू."

पडदा उघडला. आमचं समूहगीत नदीवरचं होतं, उड्या मारत जाणारं. मी चाल तशीच बांधली होती. तरन्नुमने पहिला स्वर लावला. झ्यंऽऽऽ. तो संपेना. अमोघ दांड्या वर धरून थांबला. गाणारी मुलं तोंड उघडून थांबली.

दुसऱ्या कुठल्या गावात काय झालं असतं सांगता येत नाही. पण हे मिरजेचं सभागृह होतं. तंबोऱ्याचा झंकार कानावर पडला तसे मागे गप्पा मारणारे पालक गप्प झाले. शेंगदाण्याच्या पुड्या चुरचुरायच्या थांबल्या. कुणीतरी चप्पल काढून मांडी घातली. एका आजोबांनी शेजारच्याला "कोण गाणार आहे?" असं विचारलेलं मला पडद्यामागे ऐकू आलं. सगळं सभागृह बैठकीला बसलं होतं, आणि समोर होती शाळेच्या गणवेशातली मुलं आणि एक ड्रम.

माझ्या नदीने त्या दिवशी उडी मारली नाही. ती हळूहळू, वळणं घेत, भरल्या पात्राने गेली. मधेच एकदा चीं झालं. आजोबा "वा" म्हणाले. गाणं संपलं तेव्हा लोकांना वाटलं आता मुख्य गाणं सुरू होईल, म्हणून टाळ्या जरा उशिरा आल्या. प्रमुख पाहुणे भाषणात म्हणाले, "हा प्रयोग नवीन आहे." यापलीकडे ते बोलले नाहीत.

चाचा व्यासपीठाशी आले. नातीकडे बघितलंही नाही. अमोघला म्हणाले, "तू ढोल बरा वाजवतोस. पण शेवटी घाई केलीस." आणि रिक्षाकडे निघाले.

मी तरन्नुमला बाजूला घेतलं. "आता सांग. दोरे का नाही काढलेस?"

"बाई, आमच्या दुकानात सगळी वाद्यं नानांच्या नावावर जातात. पण नाना स्वतःच्या हाताने दोरा फक्त पसंत पडलेल्या वाद्याला घालतात. बाकीच्यांना ठेवून जा." तिने सादिककडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "मामाच्या तंबोऱ्यांना त्यांनी एकदाही घातलेला नाही."

सादिक गोधडीची घडी घालत होता. ऐकून न ऐकल्यासारखं करत तो म्हणाला, "आणि इतक्या वर्षांनी दोरा पडला कशाला? तर मिक्सरला."

*

चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरन्नुम मुंबईला असते, मोठमोठ्या गायकांच्या मागे बास वाजवते. मिरजेला आली की मला भेटते. मागच्या खेपेला मी म्हणाले, चल, दुकानात जाऊ, आणि आम्ही गेलो.

तिने तीच जुनी गिटार आणली होती. लोखंडाच्या पट्ट्या परत बसवलेल्या होत्या.

"हाडाच्या घोडीवर मुंबईत कुणी काम देत नाही, बाई," ती हसून म्हणाली. तारा मात्र अजून गोल वेढ्यांच्याच होत्या. वर, खुंट्यांपाशी, जिथे आवाजाचा काही संबंध येत नाही, तिथे तारेला कापसाचा दोरा बांधलेला दिसला. मळलेला.

सादिक आता पूर्ण पांढरा झालाय. दुकान तोच चालवतो. त्याने चहा मागवला, इकडचं तिकडचं बोलला, पाऊस, लाकडाचा दर्जा, भोपळे पूर्वीसारखे मिळत नाहीत. मग सहज आठवल्यासारखं करत आत गेला आणि एक तंबोरा घेऊन आला. नवीन होता. त्याने तो भाचीसमोर उभा धरला, चारही तारा छेडल्या आणि खाकरला.

"हा बघतेस का जरा?"

भिंतीला टेकवलेले तंबोरे मी पाहिले. दोऱ्याची गुंडी सादिकच्या खिशातून डोकावत होती, पण त्याने ती हातात घेतली नव्हती.

तरन्नुमने डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा चाचांसारखा घट्ट होता.

"ठेवून जा," ती म्हणाली.

सादिकने तंबोरा तिच्याजवळ भिंतीला टेकवला. दोऱ्याची गुंडी त्याच्या शेजारी, नीट दिसेल अशी ठेवली. आणि चहाचे कप उचलून, मागे न बघता, आत निघून गेला.